उट्रेक्टमध्ये मोजलेले हंस

अकोटा, बडोदे
३ फेब्रुवारी २०२५

चि. शुभंकर,

अनेक आशीर्वाद. ध्रुवचा पहिला दात पडला हे वाचून बरं वाटलं. तो दात तू जपून ठेवला आहेस हे वाचून तितकं बरं वाटलं नाही. तुझ्या आईने तुझे सगळे ठेवले होते. ती गेल्यावर कपाट आवरताना ती डबी माझ्या हातात आली आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हा आपल्या मुलावर एवढी कृपा कर आणि तो दात टाकून दे.

आता कामाचं. १९ जानेवारीला वणसोल तलावावर गणती झाली. माझं हे तिथलं एकविसावं वर्ष. पट्टकादंब हंस मिळाले ३८७. पुन्हा वाच. तीनशे सत्त्याऐंशी. ज्या तलावावर तू शाळेत असताना माझ्याबरोबर उभा राहून दोन हजारांच्या वर मोजलेस, तिथे. सकाळी शेतं चरून ते पाण्यावर उतरायला येतात, तीन घिरट्या घालतात, खालच्या मोटारबोटी बघतात आणि निघून जातात. मंगोलियातून हिमालय ओलांडून आलेला पक्षी डभोईच्या पुढे येऊन एका नारिंगी जाकिटातल्या माणसाला घाबरतो, आणि त्याचं चुकत नाही.

बोटी अडीच वर्षांपूर्वी आल्या हे तुला ठाऊक आहे. आता त्यांना आणखी पाच वर्षांचा ठेका द्यायचं घाटतं आहे. निर्णय जूनअखेर. म्हणून मी माझ्या वह्या घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी वह्यांकडे बघितलंही नाही. टेबलावरचा एक छापील अहवाल माझ्यापुढे सरकवला आणि गोड हसून म्हणाले, "बेन, पक्षी तो एटलां ज छे. आमां लख्युं छे." पक्षी आहेत तेवढेच आहेत, यात लिहिलंय.

अहवाल तुमचा. तुझ्या उट्रेक्टच्या कार्यालयाचा, एकोणतीस देशांतल्या गणत्यांचा. पान ११४, वणसोल. जानेवारी २०२३ : २,२९०. जानेवारी २०२४ : २,३१५. मोजणारी व्यक्ती : श्रीमती संयोगिता प्रधान.

मी २०२३ मध्ये ९११ मोजले होते आणि २०२४ मध्ये ६०४. वही समोर आहे. बोटी आल्यापासून हंस कमी झाले नाहीत याचा पुरावा म्हणून माझंच नाव माझ्या तोंडावर मारलं गेलं, आणि मी बावळटासारखी "थँक यू" म्हणून बाहेर आले. नन्सच्या शाळेत शिकल्याचा हा एक तोटा.

माझ्या वहीतून आकडा तुमच्या अहवालात जातो तो एकाच हातातून. दीनानाथ वैशंपायन. गुजरातभरचे कागद तेच गोळा करतात आणि तुम्हाला पाठवतात. एकवीस वर्षं मी या माणसावर विश्वास ठेवला. तू एवढंच कर : त्यांच्याकडून आलेला कागद काढून बघ आणि त्यावर काय लिहिलं आहे ते मला कळव.

तुझी,
संयोगितामावशी


उट्रेक्ट
१९ फेब्रुवारी २०२५

ती. संयोगितामावशीस,

सा. न. तुझं पत्र मिळालं. वणसोलचं वाचून फार वाईट वाटलं. पन्नास हंस झाले की डाव्या खिशातला एक चणा उजव्या खिशात टाकायचा, ही तुझी पद्धत मी इथे सगळ्यांना सांगतो. गणती संपली की उजव्या खिशातले चणे मी खायचो आणि तू "अरे, आधी मोजू दे!" म्हणून ओरडायचीस.

अहवालातल्या आकड्यांचं मी बघतो. थोडा वेळ लागेल. एक आकडा छापून येईपर्यंत त्यावर बऱ्याच प्रक्रिया होतात, तपासण्या असतात, जुनी माहिती वेगळीकडे ठेवलेली असते. कागद कोणत्या रूपात आला होता ते शोधावं लागेल. दीनानाथकाकांशी इतक्यात काही बोलू नकोस. त्यांचंही वय झालं आहे. उगाच मनं दुखावतील.

तुझे डोळे कसे आहेत? ऑपरेशननंतरची तपासणी दर वर्षी करायची असते. केलीस का?

अवनी नमस्कार सांगते. ध्रुवचा दात टाकून दिला.

तुझा,
शुभंकर


अकोटा, बडोदे
१० मार्च २०२५

चि. शुभंकर,

आशीर्वाद. तुझं पत्र उशिरा मिळालं. लवकर मिळालं असतं तरी मी गप्प बसले नसते, तेव्हा टपालखात्याला दोष नको.

काल आमच्या पक्षिमित्र मंडळाची बैठक होती. तीसेक माणसं. फाफडा-जिलेबी झाल्यावर, बाकीचे विषय सुरू व्हायच्या आत मी उभी राहिले आणि अहवालाचं पान ११४ वाचून दाखवलं. मग माझी वही वाचली. मग विचारलं, "दीनानाथराव, हे वरचे तेराशे आणि सतराशे हंस कुठून आणलेत? घरी पाळलेत का?"

काही जण हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "संयोगिताबाई, तुमचा कागद जसा आला तसा मी पुढे पाठवला."

"मग काय, आकडे वाटेत अंडी घालत गेले?"

"मला माहीत नाही. मी पाठवला तो तुमचाच आकडा होता."

मी म्हटलं, तलाव महत्त्वाच्या तलावांच्या यादीतून जाऊ नये, आपलं राज्य अहवालात चांगलं दिसावं, परदेशातून पाहुणे येत राहावेत, म्हणून तुम्ही हे केलंत, आणि माझ्या नावावर केलंत. स्वतःच्या नावावर करायची हिंमत झाली नाही. सगळं इंग्रजीत म्हटलं, म्हणजे कुणाची समजण्यात चूक नको.

मग त्यांनी आपली फाइल माझ्या शेजारी बसलेल्या, मंडळातल्या तरुण तेजश्रीच्या मांडीवर ठेवली, "यापुढे हे तू बघ" म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले. एकवीस वर्षांचं काम एका मिनिटात सोडलं. निर्दोष माणूस भांडतो रे. असा निघून जात नाही.

तरी एक सांगते. मला वाटलं होतं, रात्री छान झोप लागेल. लागली नाही. त्यांनी पाठवलेल्या कागदाची प्रत तू धाड, म्हणजे ती त्यांच्या पुढ्यात ठेवून हे प्रकरण मिटवता येईल आणि मग ठेक्याच्या मागे लागता येईल. जूनला फार दिवस नाहीत.

डोळे उत्तम आहेत. तुझ्या मागच्या पत्रात 'प्रक्रिया' हा शब्द ज्या ठिकाणी होता तिथे तुझं अक्षर बदललं आहे, तेही दिसलं.

तुझी,
मावशी


उट्रेक्ट
२९ मार्च २०२५

ती. मावशीस,

दीनानाथकाकांनी पाठवलेल्या कागदावर ९११ आणि ६०४ हेच आकडे आहेत. त्यांनी काहीही बदललेलं नाही. बदलले मी.

हे मी फेब्रुवारीतच लिहायला हवं होतं. तू त्यांना तीस माणसांसमोर असं बोलशील हे माझ्या मनातही आलं नाही, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. मी तुला ओळखतो. मनात आलं होतं.

२०२२ च्या दिवाळीत मी बडोद्याला आलो होतो. तू मला चहा ओतलास आणि निम्मा बशीबाहेर टेबलावर गेला. तुला कळलंही नाही. तूच म्हणालीस की दिव्यांभोवती कडी दिसतात. तीन महिन्यांनी तुझा आकडा आला : ९११. आदल्या वर्षीचे २,३८०. मला वाटलं, मावशीला आता लांबचं दिसत नाही. बोटींचा विचारच मी केला नाही.

इथला नियम असा आहे की आकडा संशयास्पद वाटला तर मोजणाऱ्याला विचारायचं. समाधान झालं नाही तर त्याच्या नावापुढे खूण करायची आणि पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्याला द्यायची. मी तुला काय विचारणार होतो? तुला दिसतं का, असं? खूण केली असती तर वणसोल तुझ्याकडून गेलं असतं. मग तू जानेवारीत काय केलं असतंस? म्हणून मी आधीच्या पाच वर्षांची सरासरी काढली आणि ती घातली. एका तलावाचा एका वर्षाचा आकडा. एवढ्या देशांच्या बेरजेत काही बिघडणार नाही असं वाटलं.

पुढच्या वर्षी ६०४ आले. तोवर तुझं ऑपरेशन झालं होतं. तुझे डोळे चांगले आहेत हे मला माहीत होतं. पण ६०४ खरे मानले तर ९११ ही खरे ठरत होते आणि मी काय केलं ते उघड होत होतं. म्हणून पुन्हा तेच केलं.

या वर्षीच्या ३८७ ला हात लावलेला नाही. शपथेवर सांगतो.

मी हे तुझ्यासाठी केलं, मावशी. निदान पहिल्यांदा तरी.

शुभंकर


अकोटा, बडोदे
१४ एप्रिल २०२५

शुभंकर,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा उभी राहून.

जानेवारी २०२३ मध्ये मला नीट दिसत नव्हतं हे मला तुझ्या आधी ठाऊक होतं. मोतीबिंदू माझ्या डोळ्यांत होता, तुझ्या नाही. म्हणून त्या वर्षी मी तेजश्रीला नेलं. सव्वीस वर्षांची मुलगी, चष्मासुद्धा नाही. ती पलीकडच्या बांधावर उभी राहिली, मी अलीकडच्या. एकमेकींना न विचारता दोघींनी मोजलं. तिचे ९११, माझे ८८०. आम्ही तिचा आकडा लिहिला, कारण तिचे डोळे चांगले होते. वहीत हे सगळं शाईने लिहिलेलं आहे. मला लाज वाटली नाही. म्हातारी बाई एवढं करू शकते हे तुझ्या डोक्यात आलं नाही. एक फोन केला असतास तर कळलं असतं. चहा सांडलेला दिसला, तेव्हा तोंड उघडून "मावशी, सांडलं" एवढंही म्हणाला नाहीस. पुसून टाकलास ना गुपचूप? पुढे तेच करत राहिलास.

दया आली तर माणसाने डबा द्यावा, रिक्षाला हात करावा. माझ्या नावाखाली खोटं लिहिणं ही दया नाही. मी निवृत्त झाले, तुझी आई गेली, गुडघे गेले. त्यानंतर एकच गोष्ट माझ्यापाशी अशी होती की तिच्यात कुणाचा हात नव्हता. मी मोजते, ते लिहिते. तू मला ते काम ठेवून दिलंस असं तुला वाटतं. तू काम काढून घेतलंस आणि मला त्याची नक्कल करायला ठेवलंस. दोन जानेवाऱ्या मी पहाटे चारला उठून, गुडघ्याला पट्टा बांधून जात होते, आणि आकडा तिकडे तयारच होता.

आणि हे एका तलावापुरतं आहे असं तू अजूनही समजतोस? मंगोलियातल्या एखाद्या सरोवराकाठी तुझ्यासारखाच कुणी बसला असेल. हिवाळ्यात हंस दक्षिणेला सुखरूप आहेत का, हे तो तुमच्याच अहवालात बघत असेल. पान ११४ बघून तो निर्धास्त झाला असेल. देशोदेशी माणसं थंडीत उभी राहून मोजतात ती एवढ्याचसाठी, की एका टोकाला कमी झालं तर दुसऱ्या टोकाला कळावं. तुला हे शिकवायला मी कुणाला पैसे दिले नव्हते. मीच शिकवलं होतं.

दीनानाथरावांकडे गेले होते. निजामपुऱ्यात, भर दुपारी, तुझं पत्र पर्समध्ये घेऊन. दार त्यांनीच उघडलं. मी उंबऱ्यातच सांगितलं की माझी चूक झाली, आकडे तुमच्याकडे बदलले नव्हते. कुणी बदलले ते सांगायला माझी जीभ वळली नाही. तेही विचारेनात. म्हणाले, "मी माफ केलं म्हणालो तर तुम्ही हलक्या होऊन घरी जाल. राहू द्या." मग पाणी विचारलं. मी प्यायले. काय करणार?

मी त्यांना सर्वांसमोर चोर म्हटलं आणि तू ते होऊ दिलंस. पाच आठवडे होऊ दिलंस.

ठेक्याची सुनावणी २५ जूनला आहे. मला तुझ्याकडून तुझ्या सहीचं एक पत्र हवं. तीन वाक्यं पुरतील. वणसोलचे छापलेले आकडे चुकीचे आहेत. खरे आकडे ९११ आणि ६०४ आहेत. बदल मी केला, मोजणारीने किंवा पाठवणाऱ्याने नाही. इंग्रजी येतं तुला.

संयोगिता प्रधान


उट्रेक्ट
९ मे २०२५

ती. मावशीस,

शि. सा. न. तुझा राग रास्त आहे. मी काही बचाव करत नाही.

सोबत कार्यालयाच्या कागदावरचं पत्र जोडलं आहे. वणसोलच्या आकड्यांचा फेरविचार सुरू असल्याचं त्यात लिहिलं आहे. डिसेंबरच्या आवृत्तीत तांत्रिक दुरुस्ती छापून येईल, ती मी स्वतः घालीन. यापेक्षा जास्त सध्या शक्य नाही. तुला हवी ती तीन वाक्यं मी लिहिली तर तिसऱ्या वाक्यानंतर मला इथे नोकरी नाही. नोकरी नाही तर आमचा इथे राहण्याचा परवाना नाही. ध्रुव आता इथल्या शाळेत रुळला आहे, अवनीचं शिक्षण अर्धं झालं आहे. मी भित्रा आहे असं तू म्हणशील. आहे. पण मी एकटा असतो तर कदाचित नसतो.

डिसेंबर म्हणजे काही फार उशीर नाही. ठेका झाला तरी नंतर आव्हान देता येतं ना?

आई असती तर तिने मला समजून घेतलं असतं.

तुझा,
शुभंकर


अकोटा, बडोदे
२८ जून २०२५

शुभंकर,

तुझी आई असती तर तिने तुला समजून घेतलं असतं, हे खरं आहे. तुला समजून घेताना तिने आयुष्यभर इतरांना उन्हात उभं केलं. म्हणून मी ते वाक्य वाचून खाली ठेवलं आणि उत्तर लिहिलं नाही.

बुधवारी सुनावणी झाली. तुझं कार्यालयाचं पत्र मी आधी दिलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "फेरविचार एटले? खोटुं छे एम तो लख्युं नथी." खोटं आहे असं कुठे लिहिलंय? ठेकेदाराचा वकील हसला. बरोबर हसला. त्या पत्रात तू इतका सांभाळून चालला होतास की पाय कुठे पडलाच नाही.

मग मी दुसरा कागद दिला. तुझं २९ मार्चचं पत्र.

ते मराठीत, आणि कचेरीत चालतं गुजराती नाही तर इंग्रजी. तेव्हा भाषांतर लागणार हे मला माहीत होतं. मी ते आधीच केलं होतं, जेवणाच्या टेबलावर बसून, दोन दुपारी. एकही ओळ गाळली नाही. चहा बशीबाहेर गेला, मावशीला दिसत नाही, मावशी जानेवारीत काय करेल. सगळं चांगल्या इंग्रजीत, स्वल्पविरामांसकट. मग ते नोटरीकडे नेलं. तो तरुण मुलगा वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "आंटी, हे तुमच्याबद्दल आहे?" मी म्हटलं, "हो. शिक्का मार."

सुनावणीत ते मोठ्याने वाचलं गेलं. कारकुनाने वाचलं. पहिल्या परिच्छेदानंतर वकील हसायचा थांबला. मी मान वर ठेवून बसले होते. दीनानाथराव मागच्या रांगेत आले होते. कुणी सांगितलं कोण जाणे, मी नाही. वाचन संपल्यावर साहेबांनी मूळ कागद मागितला, तुझ्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुमचे कोण?"

मी म्हटलं, "बहिणीचा मुलगा."

साहेबांनी कागद फाइलला लावला.

ठेका थांबला आहे. रद्द नाही, थांबला. ऑक्टोबर ते मार्च बोटी पाण्यात उतरणार नाहीत. येत्या जानेवारीत पुन्हा मोजणी होईल आणि मगच निर्णय. मोजणी मी करायची नाही, असंही त्याच कागदावर लिहिलं आहे. तक्रारदाराने मोजलं तर वाद होईल म्हणे. तेजश्री मोजेल. मोजणीचा कागद दीनानाथराव पाठवणार आहेत. त्यांनी फाइल परत घेतली. तेजश्रीकडून घेतली, माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर पडताना जिन्यावर त्यांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं. ते कुणासाठीही धरतात.

हंस परत येतील का, मला ठाऊक नाही. तीन हिवाळे गेले. आता ते कुठे उतरतात, हे कुणी शोधलं नाही, कारण तुमच्या अहवालाप्रमाणे ते वणसोललाच होते.

शेवटचं. तुझ्या पत्राची आणि भाषांतराची एक प्रत मी तुमच्या कार्यालयाच्या प्रमुखांच्या नावाने रजिस्टर केली आहे. डिसेंबरपर्यंत थांबणं मला जमत नाही. मंगोलियातल्या त्या माणसालाही जमू नये. पाकीट गुरुवारी गेलं, म्हणजे या पत्राच्या दोन दिवस आधी. परवान्याचं, शाळेचं, अवनीच्या शिक्षणाचं, सगळं मी वाचलं होतं. ध्रुवचं वय मला माहीत आहे. तुला आधी कळवलं असतं तर तू फोन केला असतास, रडला असतास, आणि मी पाकीट परत आणायला पोस्टात गेले असते.

संयोगितामावशी